‘नाही’ आधी बोला

अनुभव लिहायला माणूस निवृत्त असावा लागतो, असा एक समज आहे. मी निवृत्त नाही. आमच्या कामात नेमणूकच नसते, तर निवृत्ती कुठून येणार? मी पुण्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांच्या संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. कागदावरचं शिक्षण बी.ए., खरं शिक्षण पत्रकं लिहिण्यात झालं. पत्रकाची शिस्त अशी, की काय पाहिजे ते पहिल्या ओळीत मागायचं. दुसऱ्या ओळीपर्यंत कुणी थांबत नाही, तोवर कागदात भजी बांधलेली असतात. म्हणून इथंही आधीच सांगून टाकते. हा लेख हौशी रेडिओबद्दल आहे. संकटात फोन बंद पडले तर वायरलेसवरून निरोप कसे द्यायचे, याचा सराव आम्ही करतो, त्याबद्दल. आणि खरं तर त्यातल्या एकाच शब्दाबद्दल. तो शब्द ‘नाही’.

आमची वस्ती मुठेच्या काठाला. आमच्या मते काठाला, नकाशाच्या मते पात्रात. पात्रात आम्ही शिरलो की पात्र आमच्याकडे ढकललं गेलं, यावर मी वेगळी पत्रकं लिहिली आहेत, ती मागून घ्या. इथं एवढंच, की दर पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडतात. सोडण्याआधी भोंगा लावलेली रिक्षा मोठ्या रस्त्यावरून जाते. मागच्या गल्लीत तिचा आवाज पोचत नाही. भिंतीपलीकडच्या मंगल कार्यालयातला बँड मात्र पोचतो. मग कुणीतरी वर कळवतं, ‘वस्ती रिकामी झाली.’ वर म्हणजे जिथं पुराचे निरोप गोळा होतात त्या सरकारी खोलीत. हे ‘कुणीतरी’ कोण, हे मी कित्येक वर्षं शोधते आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, मी नाही. पण कळवलेलं असतं. आणि त्याच वेळी मागच्या गल्लीत एखादं घर खाटेवर खाट रचत असतं.

एका पावसाळ्यात आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून मोबाइल लावत होतो. मोबाइल तेव्हा नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते. शहराला आयटीची राजधानी म्हणायची पेपरात चढाओढ होती. त्या सकाळी साऱ्या राजधानीनं एकदम फोन कानाला लावला आणि एक बाई गोड आवाजात सांगत राहिली, की या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत. तेव्हा कुणी दगावलं नाही. ते नशीब होतं, त्याला व्यवस्था म्हणत नाहीत. मला फार काही नको होतं. वस्ती रिकामी झाली की नाही, हे वस्तीतल्या माणसाच्या तोंडून वर पोचावं, इतकंच हवं होतं.

पत्रकं आम्ही शनिवार पेठेत पानसेकाकांच्या छापखान्यात छापतो. दारावर पाटी आहे : ‘मजकुरातील मतांशी छापखाना सहमत नाही. शुद्धलेखनाशी तर नाहीच.’ त्या पुरानंतर मी ‘मोबाइलचे टॉवर वाढवा’ असं पत्रक घेऊन गेले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं.

“टॉवर वाढवल्यावर काय होईल, सुजाताबाई?”

“फोन लागतील.”

“जास्त टॉवर बंद पडतील. वीज गेली की टॉवर जातो. या, वर या.”

वर गच्चीवर बांबूला बांधलेली एक तांब्याची तार होती.

“कपडे वाळत घालायची वाटते ना? सौभाग्यवतींनाही वाटते,” काका म्हणाले. “आम्ही यावरून बोलतो. मध्ये कंपनी नाही, बिल नाही, गोड आवाजाची बाई नाही. तुम्ही बोला, मी ऐकतो. मी बोलतो, तुम्ही ऐका. तुम्हाला ते दुसरं जमणं कठीण आहे, पण शिकता येईल.”

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायचं तर इतकंच. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, परवान्याबरोबर एक चिन्ह मिळतं, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचं तुमचं हवेतलं नाव. संच मुठीत मावणारा, मक्याच्या कणसाएवढा. त्याच्या कुशीत एक बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. म्हणजे दोघं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालू शकत नाहीत. आमच्या संघटनेच्या बैठकीत हे यंत्र बसवावं असं मला फार वाटतं. शहराजवळच्या डोंगरावर आणखी एक यंत्र ठेवलेलं असतं, त्याला रिपीटर म्हणतात. ते आपला बारीक आवाज उचलतं आणि जोरात पुढं टाकतं. तुमचं बोलणं संपलं की ‘टुक’ असा आवाज करतं. हा टुक पुढं गोष्टीत येणार आहे.

परीक्षा इंग्रजीत. का, असं मी विचारलं. उत्तर आलं, विज्ञान आहे म्हणून. जणू वीज मराठी माणसाला लागली तर त्याला कळत नाही. माझ्याबरोबर परीक्षेला बसली मंगलमावशी. मंगल कांबळे, आमच्या वस्तीतली बालवाडी चालवते. तिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरात दोन गोष्टी आणल्या, बुद्धाची तसबीर आणि शाळेची सक्ती. ‘शिक म्हटलं की मला चुकवता येत नाही,’ असं मावशी म्हणते, थोड्या तक्रारीच्या सुरात.

आम्हाला शिकवायला काकांनी त्यांच्या रेडिओवाल्या मित्रांतल्या निखिलला धाडलं. राहणार वारज्याला, नोकरी हिंजवडीला, मराठी अधूनमधून.

“ॲक्च्युअली मावशी, हे खूप सिंपल आहे.”

“सिंपल आहे ना? मग मराठीत सांग.”

निखिल अडला. मग त्यानं बालवाडीतली उड्या मारायची दोरी घेतली, एक टोक खिडकीला बांधलं आणि हलवून दाखवलं. सावकाश हलवली तर एकच मोठी लाट, भरभर हलवली तर लहान लहान पुष्कळ. मावशीला कळलं, पोरांना कळलं, मलाही कळलं. परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मावशीचं मनगट बाकावर आपोआप हलत होतं. पर्यवेक्षकाला वाटलं वात आहे.

निखिलबद्दल माझं मत आधी चांगलं नव्हतं. तो एकदा सहज म्हणाला होता, की त्यांच्या कंपनीचा सगळा डेटा दुसऱ्या शहरातही ठेवलेला असतो, हे शहर बुडालं तरी काम थांबायला नको म्हणून. मी ऐकतच राहिले. कंपनीच्या आकड्यांना दुसरं घर आहे, आमच्या माणसांचं पहिलंच अजून अधिकृत नाही. हे मी त्याला तोंडावर म्हटलं. पुढच्या रविवारी तो स्वतःचा जुना संच मावशीसाठी घेऊन आला. अशा माणसावर पत्रक काढता येत नाही, हा मोठा वैताग.

परीक्षा पास झालो तरी परवान्याआधी पोलिसांची चौकशी असते. चौकीतले हवालदार मावशीच्या घरी आले.

“वायरलेस कशाला पाहिजे तुम्हाला?”

“पुरासाठी,” मावशी म्हणाली.

“पूर आला तर आम्ही येतोच की.”

“कुठल्या रस्त्यानं येता?”

हवालदारांनी गल्लीकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं आणि सही केली.

मग सुरू झाले रविवार सकाळचे सराव. एकानं मध्यभागी बसायचं, त्याला कंट्रोल म्हणतात. बाकीच्यांनी शहरात पांगायचं आणि कंट्रोलला निरोप द्यायचे. काका दर वेळी एक खोटा पूर रचत. त्याला आम्ही ‘समजा’चा पूर म्हणत असू. समजा, इतकं पाणी सोडलं. समजा, अमुक पूल गेला. प्रत्येक निरोपाआधी ‘सराव’ म्हणायचं, नाहीतर कुणी ऐकून खरोखर घाबरायचं.

एकदा मला शहराबाहेर मांजरी गावात उसाच्या फडाजवळ उभं केलं होतं. ओल्या उसानं माझा आवाज गिळला. मी बांधावर चढून संच डोक्यावर धरून पुन्हा पुन्हा चिन्ह सांगत होते. फडातून एक म्हातारे शेतकरी डोकं खाजवत बाहेर आले.

“पोलीस हाय का?”

“नाही.”

“मंग टावरवाली हाय. टावर लावायचा आसंल तर ह्या बांधावर लावा. त्या बांधाचा मालक भांडखोर हाय.”

मी पूर, संकट, निरोप, सगळं समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हंजी फुकट करता? मंग कोन ऐकायचं तुमचं?” शहराच्या कडेला जमिनी विकल्या जात होत्या, उसाच्या पलीकडं इमारतींचे सांगाडे दिसत होते, आणि फुकट काही करणारी बाई त्यांना वेडी किंवा दलाल वाटणं साहजिक होतं. तरी जाताना त्यांनी मला जुन्या पाण्याच्या टाकीवर चढायची वाट दाखवली. तिथून आवाज गेला.

मावशीचा पहिला निरोप मला पाठ आहे. रेडिओवाले निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. मावशी म्हणाली, “सेव्हन्टी थ्री आणि जय भीम.”

काकांचा आवाज आला. “मंगलबाई, हवेत राजकीय अथवा धार्मिक बोलू नये असा नियम आहे.”

“नमस्कार चालतो का?”

“चालतो.”

“हा आमचा नमस्कार आहे.”

 मग काका म्हणाले, “चालतो.” पानसे मंडळींत चर्चा संपवायची ही रीत आहे. मला ती आवडायला लागली होती.

आता तो सराव, ज्यात मावशीला मारलं.

समजाचा पूर मोठा होता. वारज्याच्या बाजूच्या पुलावर निखिल. एका मित्राच्या गाडीला रुग्णवाहिका म्हटलेलं, तिच्या मागच्या सीटवर रुग्ण म्हणून मावशी आडवी. कंट्रोलला गच्चीवर काका आणि मी. गाडीनं विचारलं, पुलावरून जाऊ का? काकांनी निखिलला विचारलं. निखिलचा आवाज आला, “पूल वाहतुकीला बंद केलेला.” टुक.

काकांनी गाडी लांबच्या पुलाकडं वळवली. ती शहराला वळसा घालून रविवारच्या बाजारात अडकली. काकांनी घड्याळ पाहिलं, संच उचलला आणि जाहीर केलं, “रुग्ण दगावला. सर्वांनी चहाला यावं.”

मावशी गच्चीवर आली ती तावातावानं. “मला कशावरून मारलं? मी पुलावरनं वाहनं जाताना बघितली की. पूल उघडा होता.”

“मी तेच सांगितलं,” निखिल म्हणाला. “पूल बंद केलेला नाही, असं.”

“आम्ही ऐकलं ते बंद केलेला,” मी म्हटलं.

काका सरावाची कॅसेट करून ठेवतात. लावली. “पूल वाहतुकीला बंद केलेला न...” टुक. न एवढाच, तोही कान देऊन ऐकला तर. बाकी शब्द निखिलच्या अंगठ्याखाली गेला होता. मग काकांनी आधीच्या रविवारच्या कॅसेटी लावल्या, आणि सगळ्यांचे चहा थंड झाले. ‘दवाखान्यात जागा शिल्लक...’ टुक. ‘भिंतीला तडा गेलेला...’ टुक. ‘सोडलेलं पाणी अजून आलेलं...’ टुक. सगळे ‘नाही’ कापलेले. इतके महिने आम्ही एकमेकांना उलटे निरोप देत होतो आणि समजाचा पूर म्हणून सगळे वाचत होतो.

घडत होतं ते असं. बोलून संपत आलं की अंगठा आधीच सैल पडतो. इंग्रजीत बोलणाऱ्याचं त्यात फार बिघडत नाही, कारण त्यांचा नकार वाक्याच्या मध्ये असतो. आपण मराठी माणसं अख्खं वाक्य होकारात बांधत नेतो आणि शेवटच्या दोन अक्षरांत मोडतो. समोरासमोर हे चालतं, तोंड बघून कळतं. बटणावर चालत नाही.

“शेवटी ‘ओव्हर’ म्हणा,” काका म्हणाले. “नियम आहे. मग कापलं जाईल ते ‘ओव्हर’.”

“टुक होतो म्हणून सगळेच गाळतात, काका. तुम्हीसुद्धा,” निखिल म्हणाला. काकांनी चष्मा पुसायला घेतला. “म्हणून मी म्हणतोय, सगळे मेसेज इंग्लिशमध्ये करू. सिंपल.”

इथं माझा तोल गेला. मी म्हटलं, परीक्षा इंग्रजीत घेतली ती दिली. आता बुडायचंही इंग्रजीतच का? ज्याच्या घरात पाणी शिरलं तो ज्या भाषेत ओरडतो, त्याच भाषेत निरोप जाणार. शेजारीण दारातून काही सांगेल, त्याचं मनात भाषांतर करत मावशीनं पाण्यात उभं राहायचं? जी पद्धत घाबरलेल्या माणसाला जमत नाही ती संकटातली पद्धतच नाही.

“बरं, मग निदान ‘निगेटिव्ह’ म्हणू,” निखिल म्हणाला. “आधी निगेटिव्ह, मग वाक्य. जगभर तसंच करतात.”

“निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की,” मावशी म्हणाली. “रिपोर्ट निगेटिव्ह आला की आमच्याकडं पेढे वाटतात.”

 पण निखिलच्या बोलण्यातलं ‘आधी’ माझ्या कानात राहिलं. मी मोर्चातली बाई. मोर्चात शेवटच्या रांगेला घोषणेची शेपटी कधीच ऐकू जात नाही, ती हलगी खाते नाहीतर बसचा हॉर्न. म्हणून आम्ही काय करतो? ‘नाही चालणार, नाही चालणार’ आधी. काय चालणार नाही ते मागाहून. वाक्य म्हणून ते उलटं आहे, पण शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं, की आज नकार द्यायला आलोय.

“नाही आधी बोलायचं,” मी म्हटलं. “नाही. पूल बंद नाही. दोन्हीकडं नाही. एक कापला तर दुसरा उरतो.”

काका म्हणाले, “सुरुवातही कापली जाते. बटण दाबल्या दाबल्या बोललं तर पहिला शब्द जातो. रिपीटरला जागं व्हायला वेळ लागतो.”

“पहिलं चिन्ह सांगतोच ना? कापलं तर चिन्हाचं अक्षर जाईल. आवाजावरून माणूस कळतो. चिन्ह, मग नाही, मग बाकी.”

“मराठीचं व्याकरण मोडतंय.”

“व्याकरण मोडू दे, रुग्ण जगू दे.”

“हे पत्रकात घाला,” काका म्हणाले, “गच्चीवर नको.” मग थोडं थांबून, “चालतं.”

पुढच्या रविवारी त्यांनी प्रत्येकाच्या संचाला चिकटवायला बोटभर चिठ्ठ्या छापून आणल्या. वरच्या ओळीत ‘नाही’ आधी बोला. खाली, ‘बोलून झाल्यावर एक श्वास बटण धरा.’ आणि अगदी बारीक टायपात : ‘या मजकुराशी छापखाना सहमत आहे.’

सवय लागायला वेळ गेला. मधल्या काळात आमची घरची बोलणीही बिघडली. आईनं जेवायला विचारलं की मी म्हणायचे, “नाही. भूक नाही.” आई म्हणायची, “एकदा सांगितलंस तरी ऐकू येतं.” निखिलनं म्हणे मॅनेजरला सांगितलं, “नाही. शनिवारी येणार नाही.” त्याच्या आयुष्यातला तो पहिला स्पष्ट नकार असावा. मान्य झाला.

त्याच दरम्यान आमच्या अर्जांना यश आलं आणि पुराच्या खोलीत रेडिओवाल्यांना एक टेबल मिळालं. दाराजवळ, चहाच्या थर्मासशेजारी. जो तो थर्मास घ्यायला येई आणि आमच्या संचावर चहा सांडून जाई. तरी टेबल होतं.

आणि मग खरा पूर आला.

सकाळपासून धरणाचं पाणी वाढवत नेलं होतं. दुपारपर्यंत आमच्या भागाची वीज गेली, मागोमाग मोबाइल गेले. टेबलाशी काका आणि मी. निखिल रबरी बोट घेऊन निघालेल्या जवानांबरोबर, निरोप्या म्हणून. मावशी वस्तीत, बालवाडीच्या पायरीवर संच घेऊन. तिनं पुढच्या गल्ल्या हलवल्याचे निरोप दिले होते. मागची गल्ली राहिली होती. तिथं सोनबाआजोबा, अर्धांगानं खाटेला खिळलेले, आणि त्यांची म्हातारी. मावशी त्यांना आणायला निघाली, असा तिचा शेवटचा निरोप. मग बराच वेळ काही नाही. मी हाका मारत होते, खरखर येत होती.

तेवढ्यात खोलीतला टेबलावरचा फोन वाजला. तिथले साहेब बोलले, फळ्यापाशी गेले आणि आमच्या वस्तीच्या नावापुढं खडूनं लिहिलं, ‘रिकामी’.

“कुणी कळवलं?” मी विचारलं.

“आला फोन कुणाचा तरी. बरं झालं. बोट खालच्या वस्तीला पाठवा, तिकडं जास्त गरज आहे.”

कुणाचा तरी. मी उभी राहिले, पण माझ्या हातात काय होतं? मावशी गप्प होती. खालच्या वस्तीतली माणसंही माणसंच होती. बोट एक. काकांनी निखिलला कळवायला संच उचलला.

आणि खरखर फाटली. मावशीचा आवाज, लांबचा, पाण्याच्या आवाजात बुडालेला. आधी तिच्या चिन्हाचं अर्धमुर्धं शेपूट. मग स्वच्छ : “नाही.” मग “वस्ती...” आणि पुन्हा खरखर. मी चार हाका मारल्या. उत्तर नाही. बॅटरी गेली असणार.

“काय म्हणाली?” साहेबांनी विचारलं.

“नाही म्हणाली.”

“काय नाही?”

“साहेब, ‘नाही वस्ती’ म्हणाली. वस्ती रिकामी नाही. ती मागच्या गल्लीत आहे.”

“अहो ताई, एका शब्दावरून बोट फिरवू? फोनवर स्पष्ट सांगितलंय रिकामी म्हणून.”

तेव्हा पानसेकाका खुर्चीतून उठले. मी त्यांना कधी कुणापुढं उठलेलं पाहिलं नव्हतं. “साहेब,” ते म्हणाले, “फोन कुणाचा होता ते आपल्याला माहीत नाही. हा आवाज कुणाचा आहे ते मला माहीत आहे. ही बाई उगीच ‘नाही’ म्हणत नाही. आम्ही त्याचाच सराव केला आहे.”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी फळ्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. “वाटेतच आहे ना तुमची वस्ती? आधी तिथं बघून जाऊ दे. पटकन.”

काकांनी निखिलला सांगितलं. मग खोलीत दुसरे निरोप येत राहिले, मी ते लिहीत राहिले, काय लिहिलं ते मला आठवत नाही. मला रेडिओचं कौतुक करायला सांगतात तेव्हा मी हे सांगते, की रेडिओनं पूर थांबत नाही. रेडिओनं मागच्या गल्लीला पुढची वाट फुटत नाही, आजोबांना कोरड्या जागी घर मिळत नाही. ती भांडणं चालूच आहेत आणि चालतील. त्या दुपारी रेडिओ म्हणजे फक्त वाट पाहणं होतं.

मग निखिलचं चिन्ह. आणि त्याचा पहिला शब्द : “नाही.”

 काकांचा पेन हवेतच राहिला.

“मागे कुणी राहिलेलं नाही,” निखिल म्हणाला. “मावशी, आजोबा, आजी, तिघंही बोटीत. मावशीनं आजोबांना पाठुंगळी घेऊन मागच्या जिन्यानं बालवाडीच्या पत्र्यावर नेलं होतं. ओव्हर.”

काका खाली बसले. “हे वाक्य,” ते चष्मा काढून म्हणाले, “पुढच्या सरावात बदलून घ्यावं लागेल.”

बदललं आहे. आता सगळे सुखरूप असतील तर ‘सुखरूप’ आधी म्हणायचं. आज काठावरच्या दुसऱ्या वस्त्यांतूनही बायका परीक्षेला बसताहेत, दोरी तीच आहे, निखिल आता तिची लाट पूर्ण मराठीत समजावतो आणि मावशी मागच्या बाकावरून चुका काढते. टेबल थर्मासपासून हललं आहे, फळ्याच्या बाजूला आलं आहे. इंग्रजी परीक्षेवरचं माझं पत्रक काकांकडं छपाईला आहे. शुद्धलेखन ते तपासत नाहीत म्हणतात, पण तपासतात.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. निखिलचा निरोप संपला तरी साहेब फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते. त्यांनी ‘रिकामी’ पुसलं होतं. आता पुन्हा लिहायचं होतं. “कुणी कळवलं म्हणून लिहू?” त्यांनी विचारलं. एवढ्यात पुन्हा निखिलचा संच उघडला, पण आवाज मावशीचा होता. दमलेला, दातावर दात वाजणारा. आधी तिनं आपलं चिन्ह सांगितलं, सगळी अक्षरं, सगळे आकडे, एकही न गाळता.

“वस्ती आता रिकामी झाली,” ती म्हणाली. “सांगणार, मंगल कांबळे.”

टुक आला नाही. शिकवल्याप्रमाणे तिनं बटण धरून ठेवलं होतं, एक श्वास. त्या श्वासात खोलीतल्या सगळ्यांना वल्ह्याचा आवाज ऐकू आला, आणि सोनबाआजोबा कुणावर तरी खेकसत होते, की माझी खाट कुठं ठेवलीत.